दुर्बळ नावाचा दगड

रणपिसेकाका कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हातानं शिवायचे. आमच्या घराची कडी असो, चहाचा कप असो, उन्हात उभ्या सायकलचं सीट असो. हाताची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच हात सरळ करायचा. आमच्या परदेशीपुऱ्यातली, म्हणजे मिलवस्तीतली पोरं त्यांची नक्कल करायची. आई म्हणायची, "भाऊजी, कडी आहे ती, तवा नाही." ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "वहिनी, तळहात भाजला तर माणूस काम कशानं करणार? मागची बाजू भाजली तर चालून जातं."

ही कापड मिलच्या बॉयलर हाऊसची सवय. पण बॉयलर हाऊसमधले बाकीचे लोक ती पाळी संपली की तिथंच ठेवून येत. काकांनी ती घरी आणली, लग्नकार्यात आणली, देवळात आणली. खजराण्याच्या गणपतीला आमच्यासोबत आले तेव्हा पितळी कठड्यालाही त्यांनी आधी हात उलटा लावला. आमच्याकडे भावाला 'भिया' म्हणतात; मागची एक बाई म्हणाली, "क्या भियाजी, करंट है क्या?" त्यावर मात्र ते घाबरून खरंच बाजूला झाले.

भीती हा त्यांचा स्थायीभाव होता. पाहुणे म्हणून गेले तरी दाराजवळची खुर्ची धरायचे. जेवणावळीत आचाऱ्याच्या भट्टीकडे तोंड करून बसायचे, पाठ कधी करायचे नाहीत. आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की उठून उभे राहायचे आणि चौथीला अंगणात जायचे. त्यांचे आजोबा महूच्या छावणीत हवालदार होते, वडीलही फौजेत होते. बाबा त्यांना चिडवायचे, "फौजीच्या घरात जन्मलात आणि कुकरला भिता, रणपिसे?" काका बाबांना शांतपणे म्हणायचे, "कदमभिया, फौजीला समोरचा शत्रू दिसतो. वाफ दिसत नाही. जी दिसते ती वाफ नव्हेच, ती गार झालेली असते."

माझे बाबा त्याच मिलमध्ये विणकर होते आणि युनियनची पत्रकं काढायचे. सायक्लोस्टाइलचं यंत्र आमच्या घरात, धान्याच्या कोठीशेजारी. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आमच्याकडे कपाटांच्या फळ्यांवर जुनी पत्रकं अंथरलेली असायची, पोहे बांधून द्यायचे ते पत्रकात. 'निर्धार', 'लढा', 'सावध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी वाचता येत होते. कॉलेजात गेल्यावर पत्रकं मीच लिहू लागले. भिणाऱ्या माणसाला आमच्या घरात एकच शब्द होता, आणि तो चांगला नव्हता.

काका मिलच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचे. हिंदी बोलणारे कामगार त्यांना 'पानीवाले बाबूजी' म्हणत. प्रयोगशाळा म्हणजे बॉयलर हाऊसच्या भिंतीला लागलेली एक खोली, एक बेसिन आणि बाटल्यांची एक मांडणी. बॉयलरमध्ये जाणारं पाणी, बॉयलरमधलं पाणी आणि बाहेर सोडलेलं पाणी अशा तीन बाटल्या ते रोज भरायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाणी खोटं बोलत नाही. पण उशिरा बोलतं."

पाणी उशिरानं काय बोलतं, हे त्यांनी मला एकदा चहाच्या टपरीवर दाखवलं होतं. टपरीवाल्याची जुनी किटली त्यांनी मागून घेतली. तिच्या आत पांढरा थर होता. चमच्यानं त्याची खपली काढली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. खपली फसफसली. "हा चुना," ते म्हणाले. "फसफसतो तो आपला मित्र. आम्लानं धुतला की निघून जातो. जो फसफसत नाही, त्याला भ्यायचं." टपरीवाला म्हणाला, "बाबूजी, मेरी किटली का पोस्टमार्टम हो गया हो तो वापस दे दो." काकांनी किटली परत केली, अर्थात आधी हात उलटा लावून.

त्या वर्षांत मिल एकेक खातं करून विझत होती. आधी रात्रपाळी गेली, मग दुसरी पाळी गेली. कताईची यंत्रं उभी राहिली, रंगखात्याला कुलूप लागलं. वर्तमानपत्रं सांगत होती की देशाची दारं उघडली आहेत, आणि आमच्या भागात दिसत होतं ते एकेक फाटक बंद होताना. मालक मिल चालवतही नव्हता आणि बंदही करत नव्हता. बंद केली तर दोष त्याच्या माथी येणार होता. तो वाट पाहत होता.

तीन बॉयलरपैकी एकच पेटता राहिला होता. सकाळी बायका नळावर यायच्या तेव्हा पहिली नजर चिमणीकडे जायची. धूर दिसला की हंडे भरायला लागायच्या. धुरावरच सगळ्यांचा जीव टांगलेला होता, आणि एक समजूत पक्की झाली होती: सणाची सुट्टी सोडून ही भट्टी एकदा विझली की मालक ती पुन्हा पेटवणार नाही.

त्याच सुमारास मिलनं तलावाचं पाणी घेणं सोडलं. बोअरिंगचं पाणी स्वस्त पडत होतं. ते गढूळ आलं की त्यात ढोबळ मापानं तुरटी टाकायची, आणि पाणी मऊ करायला वरून सोडा. काकांच्या बाटल्यांत काहीतरी बदललं. त्यांनी व्यवस्थापकाला कागद दिला, मग दुसरा दिला. पूर्वी ठराविक मुदतीनं बॉयलर थंड करून आतून छिनीनं खरवडत असत. आता ते थांबलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत भट्टी दोन दिवस विझलेली होती. तेवढ्या वेळात काका बॉयलरच्या आत गेले. कुकरला भिणारा हा माणूस माणूस जेमतेम मावेल अशा भोकातून त्या लोखंडाच्या पोटात शिरला. कमरेला दोर बांधला होता, आणि दोराचं दुसरं टोक गेंदालालच्या हातात होतं. गेंदालाल हा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. तो नंतर सगळ्यांना हसून सांगायचा, "अंदर से हर मिनट आवाज दे रहे थे, गेंदालाल, है ना? मैंने कहा, हूँ बाबूजी, बीड़ी पीने भी नहीं गया."

काका बाहेर आले ते हातात बोराएवढे दोन खडे घेऊन. पांढुरके होते, काचेसारखे, कडक. प्रयोगशाळेत त्यांनी त्यांवर आम्ल टाकलं. खडे फसफसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "बेटा, तुमच्या कॉलेजात दगडांचे सर आहेत ना? त्यांना हे दाखवशील?" दोनपैकी एक खडा त्यांनी औषधाच्या डबीत कापूस घालून ठेवला होता.

आमच्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी चार दिवस घेतले. मग मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बाकीच्या दगडांचे काप फिरवले की रंग बदलायचे, उजळायचे, मावळायचे. हा मात्र कसाही फिरवला तरी काळाच राहत होता. सर म्हणाले, "हा अ‍ॅनल्साइम. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडतो कधीकधी. पण बॉयलरमध्ये? मी पहिल्यांदा बघतोय. फार दुर्मीळ. कुणाच्या पाण्यात तुरटी, सोडा आणि वाळूचा अंश एकत्र शिजतोय?" त्यांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं आणि खाली अर्थही: मूळ शब्द ग्रीक, 'शक्ती नसलेला', दुर्बळ.

मी ती चिठ्ठी काकांना दिली आणि सरांनी तोंडी सांगितलेलं त्या नावाचं कारणही सांगितलं तेव्हा बाबाही घरी होते. काकांनी नाव दोनदा वाचलं. मग माझा प्लॅस्टिकचा कंगवा मागून घेतला, मफलरवर घासला आणि बाबांच्या सदऱ्यावर चिकटलेल्या कापसाच्या तुसाजवळ नेला. तूस उडून कंगव्याला चिकटलं. मग आपल्याकडचा दुसरा खडा घासला, खूप वेळ घासला. तूस जेमतेम थरथरलं आणि तिथंच राहिलं.

"एवढंच," काका म्हणाले. "घासल्यावर याच्यात वीज फार कमी येते, म्हणून याला दुर्बळ म्हणाले." मग खडा डबीत ठेवत हळूच म्हणाले, "ज्यानं नाव ठेवलं त्यानं याला घासून पाहिलं. तापवून नाही पाहिलं."

आणि त्यांनी बाबांना समजावून सांगितलं. बॉयलर म्हणजे आडवा पडलेला लोखंडी पिंप. त्याच्या पोटातून जाळाची मोठी नळी जाते आणि नळीच्या भोवती पाणी असतं. पाणी लोखंडाची आग पिऊन घेतं, म्हणून लोखंड टिकतं. मध्ये या दगडाचा थर आला की आग पाण्यापर्यंत पोचत नाही. लोखंड लाल होतं, मऊ होतं, नळीचं छत खाली झुकतं. आणि एक दिवस फाटतं. समोर उभा असतो गेंदालाल.

"आम्लानं हा निघत नाही. भट्टी विझवून पंधरा दिवस छिनीनं काढावा लागेल," काका म्हणाले.

बाबांनी सदऱ्यावरचं तूस झटकलं. मग म्हणाले, "रणपिसे, तुम्ही व्यवस्थापकाला सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, लिहून द्या, बॉयलर चालवण्यालायक नाही म्हणून. सही करा. आत्ता बंद करतो. खुर्ची पुढे ओढून दिली मला त्यानं. आजवर कधी बसवलं नव्हतं."

"म्हणजे त्याला हेच पाहिजे. मिल बंद, आणि नाव कामगाराच्या सहीचं."

"म्हणून मी सही नाही केली. म्हणून तुमच्याकडे आलो. युनियननं मागणी करावी की सफाई करा आणि पुन्हा पेटवायची तारीख लिहून द्या."

"तो तारीख देईल? अरे भिया, विझली की संपलं! तुम्हाला कळतंय का? धूर थांबला की त्याच दिवशी आपण रस्त्यावर."

"कळतंय," काका म्हणाले. "पण कदमभिया, मला भीती वाटते."

"तुम्हाला कुकरची पण भीती वाटते."

मी हसले. बाबा काही फार वाईट बोलले असं मला तेव्हा वाटलंही नाही.

त्याच संध्याकाळी युनियनच्या बैठकीत ठरलं की ही बातमी पसरण्याआधीच तिला उत्तर द्यायचं. पत्रक मी लिहिलं. ते हिंदीत होतं, इथं त्यातलं थोडं मराठीत देते, कारण लपवायचा मला अधिकार नाही:

'कामगार बंधूंनो! मालकाला मिल बंद करायला निमित्त हवं आहे, आणि आपल्यातलाच एक भेदरलेला बाबू ते त्याच्या ताटात वाढू पाहतो आहे. ज्या दगडाच्या नावाचा अर्थच दुर्बळ, त्या दगडाला भिऊन आपण हजारो चुली विझवायच्या का? मालकापासून सावध! भित्र्यांपासून दुप्पट सावध!'

दगडाच्या नावाचं ते वाक्य सुचलं तेव्हा मी खूश झाले होते. ते फाटकावर मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचं नाव पत्रकात नव्हतं. पण मिलमध्ये भेदरलेला बाबू एकच होता.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. गल्लीत दिसायचे, मान खाली घालून, बाटल्यांची पिशवी छातीशी धरून. कुणीतरी मागून तोंडानं कुकरची शिट्टी वाजवायचं. ते दचकायचे. दर वेळी दचकायचे, शिट्टी खोटी आहे हे माहीत असूनही.

आठव्या दिवशी सकाळी साधारण अकरा वाजता मी अंगणात कपडे वाळत घालत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, धूर बघ." धूर आधी पातळ झाला, मग तुटक झाला, मग चिमणीच्या तोंडाशी एक करडी रेघ उरली आणि तीही गेली. नळावरच्या बायका हंडे सोडून रस्त्यावर आल्या. इतकी शांत गल्ली मी कधी पाहिली नव्हती, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा भीती वाटली.

रणपिसेकाकांनी भट्टी विझवली होती. गेंदालालला त्यांनी बाहेर काढलं, लांब दांड्यानं जळता कोळसा स्वतः ओढून जमिनीवर पाडला आणि वर पाणी मारलं. मग व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन कागदावर सही केली.

पंधरवड्यात फाटकावर नोटीस लागली. तिच्यात त्या कागदाचा उल्लेख होता. मालकाला हवं ते मिळालं.

पुढं जे झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण त्यात शौर्याचं काही नाही. टपरीवाल्यानं त्यांना चहा देणं थांबवलं. देत नाही असं म्हणाला नाही, फक्त ग्लास त्यांच्यापर्यंत येईना. गेंदालालनं भर रस्त्यात त्यांना विचारलं, "बाबूजी, आपका मैंने क्या बिगाड़ा था? मेरी रोटी काहे खा गए?" काकांनी हात जोडले आणि निघून गेले. आमच्या घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. बाबा दोन वर्षांनी गेले, तेव्हा काका आले, पण आत आले नाहीत. अंगणाच्या कडेला, जिथं कुकरच्या वेळी उभे राहायचे, तिथंच उभे राहिले.

त्यांना सिमरोलच्या बाजूला एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात काम मिळालं. जे पाणी आमच्या नळाला येत नव्हतं ते आता बाटलीत विकलं जात होतं, आणि काका ते तपासत होते.

मग काही वर्षांनी मिलचं भंगार निघालं. फाटकावर चौकीदार म्हणून ठेकेदारानं गेंदालाललाच ठेवलं होतं. एका दुपारी तो सायकल मारत आमच्याकडे आला. घामानं भिजला होता, पण चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "दीदी, चलो. बाबूजी को भी बुलवाया है. आप चलो बस."

गॅसकटरनं बॉयलर मधोमध कापला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आत पाहिलं. जाळाची नळी गोल असायला हवी होती. ती गोल नव्हती. तिचं छत भट्टीच्या तोंडाजवळ खाली आलं होतं, भिजलेल्या मांडवाच्या कापडानं झोळ धरावा तसं. वरून पांढरा, काचेसारखा थर होता, बोटभर जाड. आणि झोळाच्या अगदी तळाशी लोखंडात केसासारखी एक बारीक चीर.

गेंदालाल त्या तोंडासमोर उभा राहिला, जिथं तो वीस वर्षं उभा राहत आला होता. त्यानं चिरेकडे पाहिलं, मग आपल्या छातीकडे पाहिलं. ती चीर बरोबर छातीसमोर होती. तो खाली बसला.

काका मागून आले. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी दुरूनच विचारलं, "किती खाली आलंय?"

गेंदालालनं आतमध्ये हात घालून मोजलं. "चार उँगल, बाबूजी." मग त्याला रडू फुटलं. "मैं समझता था आप मेरी चौकीदारी कर रहे हो. वो आठ दिन. रोज सुबह से आके मेरे बाजू में खड़े रहते थे. मैंने सोचा मालिक ने भेजा है, काम देखने."

मी काकांकडे पाहिलं. हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"आठ दिवस, काका?" मी म्हणाले. "तुम्ही? भट्टीसमोर?"

"काय करणार," ते म्हणाले. "विझवायची हिंमत होत नव्हती. लोकांचं तोंड आठवायचं. आणि पळून जायची पण हिंमत होत नव्हती, हा तिथं उभा. म्हणून मी पण उभा राहिलो." मग म्हणाले, "आठव्या दिवशी आत वाकून पाहिलं तर छत वाकलेलं. आठ दिवस जास्त चालवली मी. पहिल्याच दिवशी विझवायला पाहिजे होती. हा वाचला ते माझ्यामुळे नाही, नशिबानं. मला आजही त्याची झोपेत भीती वाटते."

मला बोलायचं होतं. इतकी वर्षं ते वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं. मी सुरुवात केली, "काका, ते पत्रक..."

"तू लिहिलं होतंस. माहीत होतं मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ते दगडाचं नाव वस्तीत फक्त तुला आणि मला ठाऊक होतं, आणि कदमभियांना. कदमभियांना अशी भाषा नाही येत. चांगली होती भाषा."

मी आजही लिहिते. मालकांविरुद्ध लिहिते, आणि त्यातला एक शब्द मागे घ्यायची मला गरज वाटत नाही. मालक त्या दगडाला भीत नव्हता, कारण तो दगड त्याच्या घरासमोर नव्हता. पण 'भित्रा' हा शब्द त्यानंतर माझ्या पत्रकात आलेला नाही.

उन्हं कलली तशी ठेकेदाराची माणसं पुढचा तुकडा कापायला आली आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगू लागली. निघण्याआधी काका बॉयलरजवळ गेले. बॉयलरच्या अंगावरचा गंज पापुद्र्यांनी सुटत होता, आणि कापलेल्या कडेवर एक साळुंकी बसली होती. त्यांनी हात पुढे केला आणि त्याची मागची बाजू लोखंडाला टेकवली.

"थंड आहे, काका," मी म्हणाले. "किती वर्षं झाली, थंडच आहे."

"हो, माहीत आहे," ते म्हणाले, आणि हात तसाच उलटा ठेवून उभे राहिले.